दारे-खिडक्यांचा वारसा : अहमदाबाद व पाटण येथील जैन घरांची कथा

न्यूयॉर्क शहरात ईस्ट टेन्थ स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर सात क्रमांकाचे एक जुने घर आहे. शेजारच्या साध्या विटांच्या घरांमध्ये ते चटकन नजरेत भरते. त्याच्या दर्शनी भागावर, वरच्या मजल्यातून रस्त्याकडे पुढे आलेली एक सागवानी खिडकी असून तिच्यावर पाने, फुले व वेली यांचे अतिशय दाट कोरीवकाम आहे. हे घर १८८७ च्या सुमारास बांधले गेले. परंतु खिडकी अमेरिकेत घडलेली नाही. ती अहमदाबादच्या सुतारांनी कोरली आणि जहाजाने तिकडे रवाना झाली. तिकडील बर्फ, पाऊस आणि धूर सोसूनही ती आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपल्या जागी उभी आहे.

या घराचे मालक लॉकवुड डी फॉरेस्ट हे चित्रकार आणि गृहसजावटीचे जाणकार होते. १८८१ मध्ये ते पत्नीसह हिंदुस्थानच्या प्रवासास आले. अहमदाबादच्या गल्ल्यांतून फिरताना घरोघरच्या कोरीव चौकटी, खांब आणि खिडक्या पाहून ते थक्क झाले. तेथे त्यांची गाठ मगनभाई हठीसिंग यांच्याशी पडली. दिल्ली दरवाजाबाहेर १८४८ मध्ये प्रतिष्ठा झालेले धर्मनाथ भगवंतांचे संगमरवरी देरासर ज्या हठीसिंग घराण्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच जैन श्रेष्ठी घराण्यातील हे गृहस्थ. या दोघांनी मिळून कोरीवकामाचा कारखाना उभा केला. शहरातील जुन्या घरांवरील व देरासरांतील नक्षीचे नमुने घ्यायचे, त्यावरून कुशल सुतारांकडून नवे काम करवून घ्यायचे आणि ते अमेरिकेत पाठवायचे, असा तो व्यवहार होता. धनाढ्य उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या न्यूयॉर्कमधील वाड्यातही डी फॉरेस्ट यांनी सागवानी नक्षीची एक खोली सजविली. तो वाडा आज संग्रहालय आहे. १८८५ मध्ये डी फॉरेस्ट यांनी हिंदी घरांच्या वास्तुकलेवर छायाचित्रांसह एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

ईस्ट टेन्थ स्ट्रीटचा तो भाग १९६९ पासून न्यूयॉर्क शहराच्या कायद्याने संरक्षित आहे. त्या भागातील घरमालकाला रस्त्याकडील खिडकी बदलायची झाली, तर आधी शहराच्या वास्तुसंरक्षण आयोगाची अनुमती घ्यावी लागते. नवी खिडकी कोणत्या मापाची, कोणत्या घडणीची, काचेच्या पट्ट्या किती रुंदीच्या, इथपर्यंत तेथे विचार होतो. अहमदाबादच्या सुताराने घडविलेली खिडकी अशा रीतीने साता समुद्रापलीकडे कायद्याच्या छायेत सुरक्षित राहिली. तिच्या भावंडांचे मायदेशी काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

अहमदाबादचे जुने शहर पोळांचे आहे. महाराष्ट्रात ‘पोळ’ म्हटले की देवाला सोडलेला वळू आठवतो; गुजरातीतील पोळ हा शब्द मात्र संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे वेशीचा दरवाजा यावरून आला आहे. एका मोठ्या दरवाजाच्या आत वसलेली वस्ती ती पोळ. रात्री दरवाजा बंद झाला की आतील पन्नास-साठ कुटुंबे एका घराप्रमाणे सुरक्षित होत. म्हणजे वस्तीचे नावच दारावरून पडलेले आहे! जुन्या शहरात असे सुमारे सहाशे पोळ असल्याचे सांगतात. दोशीवाडा, झवेरीवाड, हाजा पटेलची पोळ इत्यादी ठिकाणी जैन वस्ती दाट होती. देरासर, उपाश्रय, पक्ष्यांसाठी चबुतरा आणि त्यांच्याभोवती घरे, अशी त्यांची रचना.

मराठी वाचकाला या शहराशी असलेला आपला संबंध थोडा अवघडून टाकणारा वाटेल. १७२५ मध्ये मराठी फौजांकडून शहर लुटले जाण्याची वेळ आली, तेव्हा शांतिदास झवेरींचे वंशज नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःचे द्रव्य देऊन ती लूट टाळली. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी शहरात येणाऱ्या मालावरील एक छोटा हक्क त्यांच्या घराण्याला वंशपरंपरेने लावून दिला. पुढे १७५३ पासून पेशवे आणि गायकवाड यांनी मिळून शहराचा कारभार पाहिला आणि १८१७-१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. जुन्या अहमदाबादच्या घरांची नक्षी पाहताना जाणकार मुघल, मराठा आणि इंग्रजी असे काळाचे थर वेगळे करून दाखवितात. आपल्याकडील वाड्यांच्या महिरपी आणि तिकडील हवेल्यांच्या कमानी यांत जे साम्य दिसते, त्यामागे हा सहवास असावा असे मानण्यास जागा आहे.

या घरांची बांधणी समजून घेतल्याशिवाय खिडकीचे मोल कळणार नाही. भिंत विटांची, परंतु तिच्यात ठराविक उंचीवर आडवी लाकडे घातलेली. खांब, तुळया, दाराच्या चौकटी आणि खिडक्यांच्या चौकटी या लाकडांशी सांधलेल्या. सांधे बहुधा लाकडात लाकूड बसवून केलेले. त्यामुळे सारे घर एखाद्या पिंजऱ्याप्रमाणे एकसंध असते. धक्का बसला तर ते हलते, करकरते, पण सहसा कोसळत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने याची परीक्षा घेतली. त्या दिवशी अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती क्षणार्धात जमीनदोस्त झाल्या. त्या मानाने जुन्या शहरातील लाकडी बांधणीच्या घरांनी आपल्या माणसांना सांभाळले. भिंती फुटल्या, सज्जे निखळले, पण घरे बऱ्याच अंशी उभी राहिली.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. चौकट हे घराचे हाड आहे आणि झडप हे वस्त्र आहे. वस्त्र विरले तर बदलता येते. हाड काढून टाकले तर शरीर लंगडे होते. जुनी सागवानी चौकट उखडून तिच्या जागी अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसविली, की भिंतीच्या त्या भागातील लाकडी बांधणी तुटते. नव्या चौकटीला भिंतीचा भार पेलता येत नाही. तिच्यावर काँक्रीटची पट्टी ओतावी लागते. ती पट्टी आणि जुनी चुन्याची भिंत यांचे आयुष्यभर पटत नाही. दोन पावसाळ्यांत तेथे भेग दिसू लागते. मग ‘जुने घर आता राहिले नाही’ असे म्हणून सबंध दर्शनी भिंत पाडण्याचा विचार सुरू होतो. अनेक हवेल्यांच्या नाशाची सुरुवात अशा एका खिडकीपासून झालेली आहे.

जुन्या खिडकीची उपयुक्तताही आपण समजतो त्याहून अधिक होती. बऱ्याच घरांत ती चार झडपांची असे. दोन खाली, दोन वर. खालच्या झडपा लावून वरच्या उघड्या ठेवल्या, की रस्त्यावरून आत दिसत नाही आणि उजेड व वारा मात्र खेळता राहतो. घराच्या मधोमध उघडा चौक. तप्त हवा त्यातून वर जाते आणि सावलीच्या अरुंद गल्लीतील थंड हवा खिडकीतून आत येते. सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच बाजू उघडते. तेव्हा नवी खिडकी लावल्यावर घरात पंखा आणि पुढे वातानुकूलन यंत्र का लागले, याचे नवल वाटावयास नको.

जैन घरांच्या दारांना आणखी एक अर्थ होता. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर मधोमध मंगलचिन्ह कोरलेले असे. कोठे कलश, कोठे स्वस्तिक, कोठे कमळावर बसलेली लक्ष्मी. घर-देरासर असलेल्या श्रीमंत घरांत तर त्या खोलीचे किंवा देव्हाऱ्याचे काम सर्व घराहून सरस असे: छोटे खांब, घुमट, वाद्ये वाजविणाऱ्या देवांगना, मातेची चौदा स्वप्ने. घरातून बाहेर पडताना आणि परत येताना मस्तक जेथे लवते, त्या जागेवर कारागिराने आपले सर्वस्व ओतलेले असे. चौकटीकडे केवळ लाकूड म्हणून न पाहण्याचे हे कारण आहे.

मग ही घरे रिकामी का झाली? एकाच माणसाला वा एकाच कायद्याला दोष देता येत नाही. कापडगिरण्यांच्या भरभराटीबरोबर सुखवस्तू कुटुंबे साबरमतीच्या पलीकडे बंगल्यांत गेली. पाटण, राधनपूर, पालनपूर येथील कितीतरी घराणी मुंबईस आणि तेथून पुणे, नाशिक, सोलापूर इकडे व्यापारासाठी आली आणि येथलीच झाली. मूळ गावी चुलत्यांच्या, आत्यांच्या, भाच्यांच्या नावांनी विभागलेली घरे उरली; कुलूप एकाकडे, कागद दुसऱ्याकडे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तो कायदा गुजरातेतही चालू राहिला, आणि भाड्याच्या घरात मालकाला दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला. त्यात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पोळांतील अनेक घरे गोदामे झाली. गोदामाला नक्षीदार खिडकीपेक्षा लोखंडी शटर सोयीचे!

अशा वेळी जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो. सबंध घराची किंमत वारसांच्या वादात अडकलेली असते. पण खिडकी, खांब, तोडा, झरोखा यांचा रोख पैसा लगेच मिळतो. तो माल मुंबईच्या चोरबाजारात, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत, तेथून उपाहारगृहांत आणि मोठ्या शहरांतील दिवाणखान्यांत जातो. चौकटीचा आरसा होतो, दाराचे टेबल होते. तमिळनाडूतील चेट्टियार व्यापाऱ्यांच्या वाड्यांचीही कराईकुडीच्या बाजारात अशीच विल्हेवाट लागली. दुःख एकट्या जैन समाजाचे नाही.

या व्यवहारात एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२, जो १९७६ पासून अमलात आला, त्याच्या व्याख्येत इमारतीपासून अलग केलेली वस्तूही येते. ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाही आणि तिचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. आजोबांच्या खिडकीला पुरावस्तूचा दर्जा आहे, हे विकणाऱ्या नातवाला विक्रीनंतर कळावे यासारखी विचित्र गोष्ट नाही.

पाटणचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील झवेरीवाडात वाडी पार्श्वनाथांचे देरासर होते. त्याची प्रतिष्ठा अकबराच्या कारकीर्दीत, १५९४ ते १५९६ या काळातील. त्यातील शिलालेखात खरतरगच्छाच्या आचार्यांची परंपरा दिलेली असून तो पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाला. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स हे पुरातत्त्वज्ञ १८९० मध्ये पाटणला गेले, तेव्हा त्या देरासराचा सागवानी मंडप जागेवर होता. त्याचे वर्णन व चित्रे १९०३ च्या त्यांच्या ग्रंथात आहेत. त्यानंतर काही वर्षांतच हा मंडप उतरविला गेला. आज तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९१६ मध्ये लॉकवुड डी फॉरेस्ट आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी तो त्या संग्रहालयाला भेट दिला. घुमट, त्यातील देवांगना, गवाक्षे, छज्जे, सर्व तेथे उभे आहे. शाळेतील मुले मान वर करून घुमट पाहतात. आपल्यापैकी अमेरिकेस जाणारे पुष्कळजण तेथे जाऊन नकळत हात जोडतात.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते, की मंडप तेथे गेला म्हणून वाचला. येथे राहिला असता तर वाळवीने खाल्ला असता किंवा सरपणात गेला असता. दुसरे म्हणते, की मंडप गेला तो कोणी चोरून नेला म्हणून नव्हे, तर आपल्याला त्याची गरज उरली नाही म्हणून. दुसरे मत अधिक बोचते आणि तेच अधिक खरे आहे. आपल्या परंपरेत नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट सांगितले आहे. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आपण पुष्कळ ठिकाणी ‘लाकूड काढून संगमरवर बसविणे’ असा करून घेतला. संगमरवर टिकाऊ आहे, स्वच्छ आहे, दात्याचे नाव त्यावर ठसठशीत दिसते. हे सर्व मान्य. पण ‘उद्धार’ जीर्णाचा करावयाचा असतो, जीर्णापासून सुटका नव्हे. हाजा पटेलच्या पोळेतील शांतिनाथ देरासराच्या लाकडी कामाचीही बर्जेस यांनी नोंद घेतली होती. अशी देरासरे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

घर-देरासरांची स्थिती याहून नाजूक आहे. कुटुंब दुसरीकडे राहावयास गेले, की पूजा खंडित होऊ नये म्हणून प्रतिमाजी संघाच्या देरासरात विधिपूर्वक विराजमान केल्या जातात. हे योग्यच आहे. परंतु मागे राहिलेला लाकडी देव्हारा, त्याची दारे व घुमटी यांचे काय करावे याचा विचार त्या विधीत नसतो. भगवंत नाहीत, तेव्हा ते लाकूड, असा सोपा हिशेब होतो. मुंबईच्या आणि परदेशांतील संग्रहालयांत दिसणारे गुजराती जैन देव्हारे पाहिले, की हा हिशेब कोठे पोहोचतो ते कळते.

अहमदाबाद शहर मात्र वेळीच काही अंशी जागे झाले. महापालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापन केला. १९९७ मध्ये कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायी फेरी सुरू झाली. तिच्या वाटेवर दोशीवाडा पोळ येतो आणि हरकुंवर शेठाणींची नक्षीदार हवेलीही. भूकंपानंतर जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी हुडकोच्या साहाय्याने कर्जाची सोय करण्यात आली. घराघरांची पाहणी होऊन वारसायादी तयार झाली. नोंद झालेल्या घरात बदल वा पाडकाम करण्यास वारसा संवर्धन समितीची परवानगी लागते. मालकाचे नुकसान भरून निघावे म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूदही झाली. जुलै २०१७ मध्ये पोलंडमधील क्राकूव येथील अधिवेशनात युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतातील पहिले वारसा शहर म्हणून त्याची नोंद झाली.

दर्जा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पोळांत राहणाऱ्या माणसाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. खिडकी पावसाळ्यात फुगते, लागत नाही. वाहनांचा गोंगाट आत येतो. चोरीचे भय असते. जुने सागवान महाग, ते कोरणारा सुतार दुर्मिळ, आणि परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. सामान्य मिळकतीच्या कुटुंबाने शहराच्या शोभेसाठी हा सर्व भार स्वतःच्या खिशातून उचलावा, अशी अपेक्षा पायी फेरीला आलेल्या पाहुण्याने करणे सोपे आहे. वर्षांनुवर्षे त्या घरात राहणाऱ्याला ते जड जाते. त्याने चिडून अॅल्युमिनियमवाल्याला बोलाविले, तर त्याला केवळ अरसिक म्हणून मोकळे होता येणार नाही.

तथापि यावर मध्यम मार्ग आहे आणि चांगले सुतार तो जाणतात. भारी शालूला खोच पडली तर कोणी शालू टाकत नाही. रफूगार त्याच शालूच्या काठामागचा धागा काढून खोच भरतो. लाकडाचेही तसेच आहे. चौकटीचा तळ कुजला असेल तर तेवढाच भाग कापून त्याच घरातील पडक्या तुळईचे जुने सागवान तेथे सांधावे. नवे लाकूड पूर्ण वाळलेले नसते, ते पुढे पिळते. जुने पिळून झालेले असते. झडप गेली असेल तर त्याच मापाची, त्याच जाडीच्या फळीची नवी करावी आणि ती साधी ठेवावी; यंत्राने कोरलेली खोटी नक्षी तिच्यावर चिकटवू नये. गोंगाट थांबविण्यासाठी मूळ झडपेच्या आतील बाजूस काचेची वेगळी झडप लावता येते; बाहेरून काहीच बदलत नाही. नक्षीवर चढलेले ऑइलपेंटचे थर हळूहळू उतरविले, तर बुजलेली पाने-फुले पुन्हा उमलतात आणि लाकडाला श्वास घेता येतो.

वाळवीचा प्रश्न जैन कुटुंबापुढे वेगळ्या रूपाने येतो. कीटकनाशके फवारून असंख्य जीवांची हिंसा करावी काय? जुन्या पिढीचे उत्तर यतनेचे होते: वाळवी लागल्यावर मारण्यापेक्षा ती लागूच नये अशी काळजी. पावसाआधी लाकडाला जवसाचे तेल, छपराची गळती तत्काळ बंद, चौकटीच्या तळाशी ओल साचू न देणे, आणि बंद घराच्या खिडक्या अधूनमधून उघडून वारा देणे. आज वास्तुसंवर्धनाचे तज्ज्ञही प्रथम ओल शोधावयास सांगतात. बंद घराला वाळवी लवकर लागते ती याचसाठी.

महाराष्ट्रातही हे प्रश्न दूरचे नाहीत. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि तिच्यात वास्तूंच्या तीन श्रेणी ठरलेल्या आहेत. कोणत्या श्रेणीत बाह्य बदल चालतो आणि कोणत्या श्रेणीत नाही, हे त्यावरून ठरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेले कोरीव लाकूडकाम बसविलेले आहे. ज्यांनी ते घेतले त्यांनी कलेवर उपकार केले. पण नाशिकच्या त्या वाड्याचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही.

आपल्या समाजातील अनेक घरांच्या तिजोरीत आजही मूळ गावच्या घराची जुनी लोखंडी किल्ली असते. घर विकण्याची वेळ आली तर ते विकावे. व्यापाऱ्याला भावनेपोटी बंद मालमत्ता बाळगता येत नाही. मात्र दलालाशी बोलणी करण्यापूर्वी घर वारसायादीत आहे की नाही याची पालिकेत चौकशी करावी. दार, चौकटी, खिडक्या व देव्हारा यांची छायाचित्रे काढून मापे लिहून ठेवावीत. घर आणि त्याचे लाकूड एकाच खरेदीखतात, एकाच माणसाला द्यावे. लाकूड वेगळे विकू नये. घर-देरासराचा देव्हारा असल्यास तो मूळ गावच्या संघाला, प्रतिमाजी सोपविल्या त्याच दिवशी, लेखी यादीसह सुपूर्द करावा आणि यादीची एक प्रत कुटुंबाच्या वहीत ठेवावी.